बिल स्टेप यांचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत 'रोडिओ' या अमेरिकन बॅलेवरचा लेख आला. पाश्चात्त्य संगीतावर मराठीत इतकं सविस्तर लिहिलेलं क्वचितच वाचायला मिळतं, म्हणून लेखकाचे आधी आभार मानते. लेखातल्या एका वाक्याने मात्र मी अस्वस्थ झाले. बॅलेचा शेवटचा भाग 'हो-डाउन' हा 'ॲरन कोपलँड यांनी एका पारंपरिक लोकधुनेवरून रचला' असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य अपुरं आहे. कोपलँड या अमेरिकन संगीतकारांनी जे घेतलं ती नुसती लोकधून नव्हती. विल्यम हॅमिल्टन ऊर्फ बिल स्टेप नावाच्या एका फिडलवादकाने ती धून ज्या पद्धतीने वाजवली, ते वाजवणं त्यांनी घेतलं. ते वादन कोणत्या गावात झालं आणि कुणी टिपून घेतलं, हे सगळं नोंदलेलं आहे. मी मिरजेत व्हायोलिन शिकवते आणि तरुणपणी नाट्यसंगीताला साथ करत असे. दुसऱ्याच्या गाण्या-वाजवण्यातली एखादी जागा, म्हणजे खास सुरावट, घेतली की त्याचं नाव सांगायचं, हे आम्हाला गुरूंनी शिकवलं. म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी आपण छापाल अशी आशा आहे.

धुनेचं नाव 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजे बोनापार्टची माघार. केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणेकडच्या राज्यांत फिडल वाजवणाऱ्यांमध्ये ती कित्येक पिढ्या चालत आली आहे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. मैफलीत वाजलं की व्हायोलिन, आणि अंगणात नाचणाऱ्यांसाठी वाजलं की फिडल, एवढाच फरक. आता नेपोलियनने कधी केंटकीचं तोंड पाहिलं नाही, मग त्याचं नाव त्या डोंगरांत पोचलं कसं? आयर्लंडच्या वाटेने. इंग्रजांच्या अमलाखाली पिचलेल्या आयरिश माणसांना फ्रान्सकडून सुटकेची आशा होती. १७९६ मध्ये फ्रेंच आरमार बँट्रीच्या आखातापर्यंत आलं आणि वादळामुळे परतलं. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य किलाला इथे प्रत्यक्ष उतरलं आणि हरलं. पुढे सगळ्या आशा नेपोलियनवर एकवटल्या. त्यामुळे आयरिश गाण्यांत आणि धुनांत तो शत्रू म्हणून येत नाही, हरलेला आपला माणूस म्हणून येतो. ब्रिटिश बेटांतून निघालेल्या कुटुंबांबरोबर ही नावं समुद्रापार गेली. ऱ्हाइन नदी ओलांडणारा बोनापार्ट, आल्प्स ओलांडणारा बोनापार्ट अशा स्वतंत्र धुनाही तिकडे आहेत. माघारीच्या या धुनेचं नातं काही अभ्यासक 'द ईगल्स व्हिसल' नावाच्या आयरिश कूचगीताशी जोडतात. ही माघार १८१२ ची मॉस्कोहून झालेली की १८१५ ची वॉटर्लूची, याबद्दल फिडलवाले आपापली गोष्ट सांगतात, आणि ज्याची गोष्ट जशी तसं त्याचं वाजवणंही थोडं बदलतं.

माझी भाची केंटकीतल्या लेक्सिंग्टनला राहते. तिच्याकडे गेले असताना तिच्या ओळखीचे एक निवृत्त शाळामास्तर फिडल घेऊन घरी आले. "मावशी, हे तुमच्यातलेच," असं म्हणून तिने ओळख करून दिली. त्यांनी वाजवायला घेण्याआधी खुंट्या फिरवल्या. व्हायोलिनच्या तारा जाडीपासून बारकीपर्यंत जी, डी, ए, ई अशा लावतात. डी हा षड्ज धरला तर म, सा, प, रे. त्यांनी सगळ्यांत जाड तार बरीच सैल करून खालच्या डी वर आणली, सगळ्यांत बारीक तार एक पायरी उतरवून वरच्या डी वर आणली आणि मधल्या दोन तशाच ठेवल्या. सा, सा, प, सा. मी बसल्या जागी सरसावून बसले. इकडे आम्ही हिंदुस्तानी वाजवणारे बहुतेक जण तारा प, सा, प, सा अशाच काहीतरी लावतो, युरोपातली मूळ लावणी आम्ही केव्हाच सोडून दिली. शिवाय आम्ही जमिनीवर बसून वाद्य पायाच्या घोट्यावर टेकवतो, आणि त्यांच्याकडचे जुने वादक ते हनुवटीखाली न धरता छातीशी धरतात. ज्यांनी हे वाद्य बनवलं त्यांची रीत दोन्ही ठिकाणी बाजूला पडली, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच: सुरावट वाजत असताना आधाराचा षड्ज सतत घुमत राहायला हवा.

या लावणीत गज एकाच वेळी दोन तारांवर फिरतो. एका तारेवर सुरावट आणि शेजारच्या मोकळ्या तारेवर षड्ज. सैल केलेली जाड तार तर अशी घुमते की अंगात जाणवते. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण तंबोऱ्यांच्या गावात आम्ही वाढलो. हा घुमारा बॅगपाइपची नक्कल आहे असं तिकडे पूर्वापार सांगतात. फिडलवाल्यांमध्ये या लावणीला 'मेलेल्या माणसाची लावणी' असंही नाव आहे. काही वादक मध्येच तारा बोटांनी छेडून बंदुकांचे आवाज काढत. मास्तरांनी तसं करून दाखवलं तेव्हा भाचीचा मुलगा खेळणं टाकून जवळ येऊन उभा राहिला.

आता मुद्द्यावर येते. जुन्या वादकांच्या हातात ही धून कूच होती: संथ, जड, पाय ओढत चाललेल्या सैन्याची. जॉर्जियाचे ए. ए. ग्रे यांनी १९२४ मध्ये ती तबकडीवर वाजवली, व्यापारी ध्वनिमुद्रणातली ती पहिली मानतात. पाच वर्षांनी 'स्किलेट लिकर्स' या गाजलेल्या जॉर्जियाच्याच मंडळींनी ती वाजवली. नॉर्थ कॅरोलिनाचे गेदर कार्लटन, म्हणजे प्रसिद्ध गिटारवादक डॉक वॉटसन यांचे सासरे, यांचं वादन १९६० च्या दशकात ध्वनिमुद्रित झालं आहे. त्यात ती धून इतक्या शांतपणे उलगडते की संध्याकाळच्या रागाचा आलाप ऐकत असल्यासारखं मला वाटलं. स्वरांचंही तसंच. या डोंगरातले जुने फिडलवाले गंधार आणि निषाद पियानोच्या पट्टीत मावतील असे लावतच नाहीत. कुणाचा निषाद शुद्ध आणि कोमल यांच्या अधेमधे कुठेतरी बसतो. आपल्याकडे श्रुतींवर वाद घालणाऱ्यांनी ही ध्वनिमुद्रणं जरूर ऐकावीत. ज्यांच्याकडे शास्त्राची पोथी नाही त्या माणसांनी केवळ कानावर हे जपलं आहे.

या सगळ्यांत बिल स्टेप वेगळे. जन्म १८७५ चा. वास्तव्य पूर्व केंटकीतल्या मॅगॉफिन परगण्यात. त्यांनी या कूचगीताचं काय केलं? तिला पळवलं. लावणी तीच, घुमारा तोच, सुरावटीचा सांगाडाही तोच, पण लय नाचाची. संथ कूच होती तिथे गजाचे लहान, तुटक, झपाट्याचे आघात आले. माघार घेणाऱ्या सैन्याच्या जागी धूळ उडवत जाणारे घोडे आले. असं करणारे ते एकटेच होते असं मी म्हणत नाही. पण ज्या रूपात जगाने ही धून ऐकली ते रूप त्यांच्या उजव्या हातातून आलं आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ॲलन लोमॅक्स हा बावीस वर्षांचा तरुण आणि त्याची पत्नी एलिझाबेथ हे दोघं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केंटकीत फिरत होते. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, आणि गाडीत तबकड्या कोरण्याचं अवजड यंत्र. डोंगरातल्या गावांमधून गाणारे, वाजवणारे शोधायचे आणि त्यांचं गाणं-वाजवणं टिपायचं हे त्यांचं काम. मॅगॉफिन परगण्याचं मुख्य गाव सॅलियर्सव्हिल. तिथे २६ ऑक्टोबरला स्टेप यांनी त्यांच्यासमोर एकामागून एक धुना वाजवल्या. 'बोनापार्ट्स रिट्रीट' त्यांतलीच एक. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते, पण गजाचा जोर ऐकून कुणी तसं म्हणणार नाही. मिरजकर म्हणून एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर १९३७ च्या त्याच आठवड्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना गेले, आणि त्यांना आमच्या मिरजेच्या दर्ग्यात आणून दफन केलं. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण खाँसाहेबांच्या तबकड्यांवर त्यांचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि स्टेप यांच्या नावाचं पुढे काय झालं ते सांगते.

लोमॅक्स पितापुत्रांनी १९४१ मध्ये 'अवर सिंगिंग कंट्री' हे पुस्तक काढलं. त्यातल्या सुरावटी कागदावर उतरवण्याचं काम रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी केलं. आपल्या लेखात यांचाही उल्लेख नाही. या बाई स्वतः आधुनिक संगीतातल्या पहिल्या दर्जाच्या रचनाकार. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, १९३० साली. पुढे संसार, मुलं आणि लोकसंगीताचं लिप्यंतर यांत त्यांची वर्षं गेली. लोकगायक पीट सीगर यांच्या त्या सावत्र आई, माइक आणि पेगी सीगर यांच्या आई. एकेक तबकडी त्या पुन्हा पुन्हा लावून ऐकत. गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला, वाजवणाऱ्याने आघात कुठे पुढे ओढला, मात्रा कुठे लांबवली, हे सगळं त्या लिहून ठेवत. गावठी वादकाची लय वेडीवाकडी असते, ती आपण सरळ करून लिहू, असा विचार त्यांनी केला नाही. जसं वाजलं तसं लिहायचं. आपल्या पद्धतीबद्दल त्यांनी एक दीर्घ प्रबंधही लिहिला होता. तो पुस्तकात घेतला गेला नाही, आणि पूर्ण स्वरूपात छापला गेला २००१ मध्ये. त्या १९५३ सालीच गेल्या होत्या. भातखंड्यांची स्वरलिपीतली क्रमिक पुस्तकं हाती धरून शिकलेल्या मला अशा कामाची किंमत कळते. गायकाच्या गळ्यातली चीज कागदावर आणताना काय काय निसटतं आणि काय काय पकडता येतं, हे रोज वर्गात अनुभवते.

कोपलँड यांच्या हाती आलं ते हे लिप्यंतर. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'रोडिओ'चा पहिला प्रयोग झाला. नृत्यदिग्दर्शिका ॲग्नेस डी मिल स्वतः नायिका म्हणून नाचल्या. 'हो-डाउन'च्या सुरुवातीला वाद्यवृंदातली व्हायोलिनं मोकळ्या तारांवर तारा जुळवल्यासारखे आवाज करतात, आणि मग जी सुरावट झेपावते ती जवळजवळ स्वरागणिक स्टेप यांची. सीगर यांचं लिप्यंतर समोर ठेवून मी ती ताडून पाहिली आहे. ग्रे यांच्या वादनाशी ताडली तर ती जुळत नाही, कार्लटन यांच्याशीही नाही. पुढे 'मॅक्लाउड्स रील' ही दुसरी जुनी धून येते, मध्येच सगळा वेग ओसरतो, पुन्हा उसळतो. हे सारं कर्तृत्व निःसंशय कोपलँड यांचं. त्यांचं वाद्यवृंदाचं ज्ञान अफाट, आणि त्यांनी छापील पुस्तकातून उघडपणे चाल घेतली यात काही गैर नाही. त्यांना दोष द्यायला हे पत्र नाही.

दोष आहे तो त्यानंतरच्या सवयीचा. 'हो-डाउन' सगळीकडे गेलं. १९७२ मध्ये 'इमर्सन, लेक अँड पामर' या इंग्लिश रॉक मंडळींनी ते ऑर्गनवर वाजवलं. १९९० च्या दशकात बीफच्या जाहिरातीतून ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. भाचीच्या मुलालाही ते नाव न कळता पाठ आहे. आणि एवढ्या प्रवासात सर्वत्र नाव कोपलँड यांचं, फार तर 'पारंपरिक' अशी जोड. स्टेप १९५७ साली वारले. जुन्या नोंदींत त्यांच्या आद्याक्षरांचंसुद्धा डब्ल्यू. एच. ऐवजी डब्ल्यू. एम. असं झालेलं दिसतं. गाणं म्हणून या धुनेची एक वेगळीच शाखा निघाली, तिथे उलट घडलं. पी वी किंग यांनी चालीला शब्द जोडले, १९५० मध्ये के स्टार यांनी ते गाणं गाजवलं, १९७४ मध्ये ग्लेन कॅम्बेल यांनी पुन्हा गायलं, आणि त्या सगळ्यांची नावं तबकड्यांवर नीट छापलेली आहेत. त्या शाखेबद्दल माझी काही तक्रार नाही, मला ती फारशी आवडतही नाही.

कुणी म्हणेल, लोकधून कुणा एकाची नसते, मग स्टेप यांचाच एवढा आग्रह का? धून त्यांची नाही हे मलाही मान्य आहे. भैरवीही कुणाची नाही. पण अमुक गायकाने अमुक ठुमरीत भैरवी जशी मांडली ती मांडणी त्याची असते, आणि ती दुसऱ्याने उचलली की जाणकार श्रोते लगेच ओळखतात. नेपोलियनच्या माघारीची कूच डोंगरातल्या सगळ्यांची. तिचं झपाट्याचं, नाचतं रूप, गजाच्या त्या आघातांसकट, बिल स्टेप यांचं. 'पारंपरिक' असं लिहून आपण परंपरेचा मान राखतो असं वाटतं, प्रत्यक्षात त्या परंपरेतल्या एका जिवंत माणसाला पुसून टाकतो. परंपरा वाजवली कुणी? आपोआप तर वाजली नाही.

या बाबतीत मराठी माणसाला परक्यांकडे पाहण्याची गरज नाही. किर्लोस्करांच्या काळापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापतात. 'सौभद्र'चं पुस्तक उघडा. नवं पद लिहिणाऱ्याने ते कशावरून बांधलं हे तिथेच, पदाच्या आधी सांगितलेलं असतं. साथीला बसणाऱ्या आम्हा वादकांना त्याचा केवढा आधार असे! मूळ चीज कळली की जागा कळत. जो समाज एकेका पदाचा उगम असा नोंदवत आला, त्या समाजाच्या वृत्तपत्राने 'एका लोकधुनेवरून' एवढ्यावर थांबू नये. अर्थात आपल्याकडेही सगळं आलबेल नाही. आमच्या भागातल्या सनई-संबळवाल्यांची, तुणतुण्यावर साथ करणाऱ्यांची कितीतरी ध्वनिमुद्रणं 'पारंपरिक लोकसंगीत' एवढ्या दोन शब्दांनिशी वाजत असतात. वाजवणाऱ्याचं गाव नाही, नाव नाही. लोमॅक्स दांपत्याने निदान प्रत्येक तबकडीमागे नाव, गाव, तारीख लिहून ठेवली होती, म्हणून तर आज स्टेप यांच्यासाठी भांडता येतं.

काही वर्षांपूर्वी लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्टेप यांचं हे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल केलं. म्हणजे त्या देशाने आपली चूक दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. लोमॅक्स यांची केंटकीतली ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर मोफत ऐकता येतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी ग्रे ऐकवते, मग स्टेप, मग कोपलँड. हा क्रम बदलू नये. कोपलँड आधी ऐकला तर स्टेप त्याची कच्ची प्रत वाटतात, आणि ग्रे ऐकल्यावर स्टेप ऐकले तर त्यांनी केवढी उडी मारली हे कळतं. ज्यांच्याकडे व्हायोलिन आहे त्यांनी तारा सा, सा, प, सा लावून पाहाव्यात. जाड तार एवढी उतरवली की ती थोडी लुळी पडते, गज हलका ठेवावा लागतो, नाहीतर ती खरखरते. नव्या तारेवर हा प्रयोग करू नका.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या रविवारी पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापावी: 'हो-डाउन'ची मुख्य धून केंटकीचे फिडलवादक विल्यम हॅमिल्टन स्टेप यांच्या १९३७ च्या वादनावरून घेतली असून तिचं लिप्यंतर रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी केलं होतं. लेख पुढे पुस्तकात गेला तर तिथेही हा बदल व्हावा. लेखकांना सीगर यांचं लिप्यंतर पाहायचं असेल तर माझ्याजवळची प्रत मी आपल्या कार्यालयाकडे पाठवीन.

आपली,
एक व्हायोलिन शिक्षिका, मिरज